भुकटीत काय आहे? : अळंबीचे बीजाणू आणि कायद्याची भाषा

मराठीत 'बीजाणू' हा शब्द विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकांतून रुळला. बीज आणि अणू यांचा हा समास कानाला बरा वाटतो, परंतु तो एक गैरसमजही सोबत घेऊन येतो. बीजाणू म्हणजे फार बारीक बी, असे आपण समजून चालतो. प्रत्यक्षात बीमध्ये तयार गर्भ असतो आणि त्याच्यापुरती शिदोरी असते. अळंबीचा बीजाणू ही साधारणतः एकच पेशी असते. तिच्यात गर्भ नसतो, आणि एकट्या बीजाणूतून सहसा छत्री उगवतही नाही. दोन अनुरूप बीजाणूंतून निघालेले तंतू एकमेकांत मिसळावे लागतात, त्यांचे जाळे शेणात, मातीत किंवा कुजत्या लाकडात पसरावे लागते, आणि हवापाणी मानवले तर मग कधीतरी छत्री वर येते.

भाषा शिकवणाऱ्यांनी कवकशास्त्राच्या अंगणात शिरण्याचे कारण असे की, या भुकटीने गेली सुमारे पन्नास वर्षे अनेक देशांच्या कायदेमंडळांना आणि न्यायालयांना शब्दार्थाच्या पेचात टाकले आहे. काही जातींच्या अळंबीत सायलोसायबिन आणि सायलोसिन ही चित्तभ्रम घडवणारी द्रव्ये असतात. बहुतेक देशांत ती निषिद्ध आहेत. त्याच अळंबीच्या बीजाणूंत मात्र ही द्रव्ये आढळत नाहीत. मग ही भुकटी कागदावर ठसा उमटवून किंवा निर्जंतुक पाण्यात कालवून विकणारा माणूस गुन्हा करतो की नाही? प्रश्न वकिलांचा वाटतो. आम्हांला तो वाचनाचा वाटतो. कायद्याने एका पदार्थाला नाव दिले. ज्याला नाव दिले नाही, परंतु ज्यातून तो पदार्थ पुढे निर्माण होऊ शकतो, त्याचे वाचन कसे करायचे, हा तो प्रश्न आहे.

अळंबीला बीज असते हेच मुळात माणसाला उशिरा कळले. पाऊस पडला, वीज कडाडली की ती आपोआप उगवते, अशी समजूत जगभर होती आणि आपल्याकडेही ती अजून ऐकू येते. 'कुत्र्याची छत्री' या शब्दातली तुच्छता, आणि मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात कवकांचा निषिद्ध खाद्यांत केलेला समावेश, यांच्या मागे या कुळशील नसलेल्या उगवण्याविषयीचा संशयही असावा असे आम्हांला वाटते. फ्लॉरेन्सच्या पिएर आंतोनियो मिकेली याने १७२९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात बुरशीची धूळ खरबुजाच्या कापांवर पेरून त्याच जातीची बुरशी पुन्हा उगवून दाखवल्याची नोंद केली. तेव्हापासून बीजाणू ही शास्त्राची वस्तू झाली. कायद्याची वस्तू व्हायला तिला आणखी सव्वादोनशे वर्षे लागली, आणि त्याची सुरुवात मेक्सिकोतल्या एका डोंगरी गावात झाली.

ओआहाका प्रांतातील वाउत्ला दे हिमेनेस हे माझातेक लोकांचे गाव. तेथे अळंबीचा विधी रात्री होत असे, बहुधा कुणाच्या आजारपणासाठी किंवा हरवलेल्याचा शोध घेण्यासाठी. माझातेक भाषेत या अळंबीला जे नाव आहे त्याचा अर्थ 'जे आपण होऊन उगवते ते' असा सांगितला जातो. २९ जून १९५५ च्या रात्री मारिया साबिना या विधी करणाऱ्या बाईने गॉर्डन वॉसन या अमेरिकी पाहुण्याला त्या विधीत सामील करून घेतले. वॉसन हा न्यूयॉर्कच्या एका मोठ्या बँकेतील अधिकारी. अळंबीचा अभ्यास हा त्याचा आणि त्याच्या रशियात जन्मलेल्या डॉक्टर पत्नीचा छंद होता. १३ मे १९५७ च्या 'लाइफ' साप्ताहिकात त्याने तो अनुभव सचित्र लिहिला. बाईचे नाव त्याने बदलले, गावाचे नाव लपवले, छायाचित्रे मात्र छापली. पुढे काय झाले ते सर्वज्ञात आहे. साठीच्या दशकात परदेशी तरुणांचे लोंढे त्या गावी पोचले, पोलीस पोचले, मारिया साबिनाचे घर जाळले गेले. पाहुण्यांना ही अळंबी दाखवल्याचा तिला पश्चात्ताप झाला, आणि १९८५ मध्ये ती गरिबीतच वारली.

या कथेतील एक धागा आमच्या विषयाचा आहे. वॉसनबरोबर पुढच्या फेऱ्यांत रॉजे हाइम हा फ्रेंच कवकशास्त्रज्ञ गेला होता. त्याने तेथील अळंबीचे नमुने पॅरिसच्या निसर्गेतिहास संग्रहालयात आणले आणि प्रयोगशाळेत त्यांची वाढ करून दाखवली. तेथली सामग्री स्वित्झर्लंडमधील सांडोझ कंपनीच्या आल्बर्ट हॉफमनकडे गेली. हॉफमनने बत्तीस सुकी अळंबी स्वतः खाऊन खात्री केली आणि १९५८ मध्ये त्यातील क्रियाशील द्रव्ये वेगळी काढली. 'सायलोसायबिन' हे नाव तेव्हाचे. १९६२ मध्ये तो स्वतः वाउत्लाला गेला आणि कारखान्यात तयार केलेल्या गोळ्या त्याने मारिया साबिनाच्या हाती ठेवल्या. गोळ्यांत आणि अळंबीत फरक नाही, असा निर्वाळा तिने दिला; अळंबीचा हंगाम नसतानाही आता काम करता येईल, म्हणून तिला आनंद झाला, असे हॉफमनने लिहून ठेवले आहे. त्या क्षणी अळंबी आणि तिचे सार या दोन गोष्टी एकमेकींपासून सुट्या झाल्या. कायद्याने पुढे सार तेवढे उचलले. माझातेक गावातून पॅरिसला गेलेल्या जिवंत नमुन्यांसाठी कुणी कुणाची परवानगी मागितली होती काय, हा प्रश्न त्या काळी कुणाला पडला नाही, आणि बीजाणूंविषयीच्या पुढच्या साऱ्या न्यायालयीन खलात तो एकदाही ऐरणीवर आलेला दिसत नाही. त्या भुकटीतून पुढे काय होईल याची चिंता सर्वांना होती. ती कुठून आली याची नव्हती.

(जाता जाता : याच वॉसनने १९६८ मध्ये ऋग्वेदातील सोम म्हणजे लाल टोपीची, पांढऱ्या ठिपक्यांची अळंबी होय, असे प्रतिपादन करणारा ग्रंथ लिहिला. सोमाच्या वेदोत्तर इतिहासाचे प्रकरण त्यासाठी वेंडी डॉनिगर यांनी लिहून दिले. जॉन ब्रफ यांच्यासारख्या संस्कृतज्ञांनी या मताचा कडक समाचार घेतला. मौज अशी की त्या अळंबीत सायलोसायबिन नसते. म्हणजे वॉसनचे म्हणणे खरे मानले तरी त्याचा सोम या लेखातील कोणत्याही कलमात बसत नाही. असो.)

अमेरिकेने १९६८ मध्ये ही द्रव्ये बाळगण्यावर निर्बंध आणले आणि १९७० च्या नियंत्रित पदार्थांच्या कायद्यात त्यांना पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक अनुसूचीत बसवले. १९७१ मध्ये व्हिएन्ना येथे मनोव्यापारांवर परिणाम करणाऱ्या पदार्थांविषयीचा आंतरराष्ट्रीय करार झाला. त्याच्याही पहिल्या अनुसूचीत सायलोसायबिन आणि सायलोसिन ही नावे आहेत. अळंबीचे नाव कोठेही नाही. हे विस्मरणाने झाले असे म्हणता येत नाही. त्याआधीच्या १९६१ च्या करारात अफूचे झाड, कोकाचे झुडूप आणि गांज्याचे झाड यांची नावे घेऊन बंधने घातली होती. म्हणजे वनस्पतीचे नाव कसे घ्यायचे हे मसुदाकारांना ठाऊक होते. शिवाय १९७१ च्या कराराच्या ३२ व्या कलमात, रानात उगवणाऱ्या आणि लहान, निश्चित समूहांकडून धार्मिक विधींत परंपरेने वापरल्या जाणाऱ्या वनस्पतींपुरती सवलत राखून ठेवण्याची मुभा राष्ट्रांना दिली आहे. मेक्सिकोने ती घेतली. वनस्पती कराराबाहेरच असतील तर ही सवलत हवी कशाला, असा प्रश्न कोणताही चिकित्सक वाचक विचारील. संहिता एका जागी गप्प राहते आणि दुसऱ्या जागी त्या गप्प राहण्यालाच शंकास्पद करते, असा हा प्रकार आहे. पुढच्या सगळ्या गोंधळाचे मूळ आम्हांला येथे दिसते.

फ्लॉरिडाच्या सर्वोच्च न्यायालयापुढे हा गोंधळ १९७८ मध्ये स्वच्छ रूपात आला. कुरणातून ताजी अळंबी खुडून निघालेल्या एका माणसाला पकडले गेले होते. कायद्यात द्रव्याचे नाव होते, अळंबीचे नव्हते. कुरणात उगवलेल्या अमुक छत्रीत तमुक द्रव्य आहे हे सामान्य बुद्धीच्या माणसाला कायदा वाचून कळण्याजोगे नाही, म्हणून अशा प्रकरणी त्याला या कायद्याने शिक्षा देता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले. दंडविधानाच्या भाषेकडून किमान अपेक्षा कोणती, याचे इतके सरळ उत्तर क्वचितच मिळते.

पण तोवर बीजाणूंचा व्यापार सुरू झाला होता. टेरेन्स आणि डेनिस मॅकेना या भावांनी १९७१ मध्ये कोलंबियातील ला चोरेरा येथून सायलोसायबी क्युबेन्सिस या जातीचे बीजाणू अमेरिकेत आणले होते. १९७६ मध्ये त्यांनी टोपणनावांनी ही अळंबी घरी वाढवण्याची पुस्तिका प्रसिद्ध केली. तोपर्यंत अळंबी शोधायला रानात जावे लागत असे. आता कागदाच्या घडीत मावणाऱ्या जांभळट तपकिरी ठशात सारे रान मावू लागले. नियतकालिकांतून जाहिराती आल्या, टपालाने पाकिटे जाऊ लागली. त्या पाकिटात निषिद्ध द्रव्याचा लवलेश नव्हता, आणि म्हणून पाकीट निषिद्ध नव्हते.

या पाकिटावरील मजकूर हा आमच्या दृष्टीने या इतिहासाचा सर्वांत वाचनीय भाग आहे. विक्रेते लिहू लागले की हे बीजाणू सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी, वर्गीकरणाच्या अभ्यासासाठी, किंवा केवळ संग्रहासाठी आहेत. त्यांची लागवड करू नये. या जातीचा बीजाणू एका मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शाहून जरा मोठा, लंबवर्तुळाकार, जाड भिंतीचा असतो. तो पाहण्यात खरा रस असणारे लोक जगात असतीलही. परंतु त्यासाठी इतक्या नाना नावांचे वाण, इतक्या आतुरतेने कोण मागवील? साहित्यशास्त्राच्या वर्गात आपण अभिधा, लक्षणा आणि व्यंजना शिकवतो. सूर्य मावळला एवढेच वाक्य, पण गुराख्याला त्याचा अर्थ 'गुरे परत वळव' असा लागतो आणि पुजाऱ्याला 'संध्येची वेळ झाली' असा. पाकिटावरचे वाक्य त्याच जातीचे आहे. वाच्यार्थ न्यायालयासाठी, व्यंग्यार्थ गिऱ्हाइकासाठी. फरक एवढाच की काव्यात वाच्यार्थ व्यंग्यार्थाला वाट करून देतो. येथे तो दारात पहारा देत उभा असतो. दोघांनाही दुसरा अर्थ ठाऊक असतो, आणि तो कुणी उच्चारला की व्यवहार संपतो. गिऱ्हाइकाने पत्रात लागवडीविषयी एखादा शब्द लिहिला तर त्याला माल पाठवायचा नाही, असा विक्रेत्यांचा शिरस्ता होता.

कॅलिफोर्नियाने १९८५ मध्ये या मजकुराच्या आडून मार्ग काढला. तेथील आरोग्य व सुरक्षा संहितेत अशी अळंबी उत्पन्न करू शकणाऱ्या बीजाणूंचा आणि कवकजालाचा स्पष्ट उल्लेख करून, लागवडीला मदत व्हावी या हेतूने ते विकणे, पाठवणे वा देणे गुन्हा ठरवले. मान्यताप्राप्त संशोधन आणि अध्यापन यांपुरती वाट मोकळी ठेवली. शब्दरचना नीट पाहण्याजोगी आहे. वस्तूचे वर्णन 'तिच्यात काय आहे' यावरून होत नाही, 'ती काय उत्पन्न करू शकते' यावरून होते, आणि त्यावर 'कोणत्या हेतूने' याची दुसरी गाठ मारली जाते. नामावर उभा असलेला कायदा येथे क्रियापदावर येऊन उभा राहिला. जॉर्जिया आणि आयडाहो या राज्यांनीही आपापल्या पद्धतीने बीजाणूंना कक्षेत घेतले. उरलेल्या अमेरिकेत ते मोकळेच होते. पाकिटावर 'या तीन राज्यांत पाठवणार नाही' अशी आणखी एक ओळ वाढली.

मोकळे म्हणजे किती मोकळे, हे २००३ मध्ये सिएटलला दिसले. तेथे 'सायलोसायबी फॅनॅटिकस' या नावाने १९९१ पासून बीजाणूंच्या पिचकाऱ्या टपालाने विकणारा एक धंदा होता. वॉशिंग्टन राज्यात बीजाणूंवर बंदी नव्हती, आणि धंदा करणाऱ्याची चूक बीजाणूंत नव्हतीच. त्याने लागवडीची सोपी कृती लिहून काढली होती, आणि ती त्याच्या नावाने सर्वदूर प्रसिद्ध झाली होती. केंद्रीय यंत्रणेने छापा घातला, निषिद्ध द्रव्य तयार करण्याच्या कटाचा आरोप ठेवला. त्याने गुन्हा कबूल केला आणि तुरुंगाऐवजी घरातील स्थानबद्धतेवर त्याची सुटका झाली. बीजाणू कायदेशीर आणि कृतीचा कागदही एरवी कायदेशीर, पण दोन्ही एकाच हाताने दिले की त्यांचा मिळून तिसरा अर्थ होतो. संदर्भाने अर्थ बदलतो हे आपण वर्गात किती सहज सांगून जातो!

ब्रिटनचा इतिहास वेगळ्या शब्दाभोवती फिरला, आणि तो आम्हांला अधिक रंजक वाटतो. १९७१ च्या तेथील कायद्यात सायलोसिन आणि ते असलेले 'सिद्ध केलेले द्रव्य वा अन्य उत्पादन' निषिद्ध होते. ब्रिटनच्या कुरणांत टोकदार टोपीची सायलोसायबीची एक जात दर शरद ऋतूत आपसूक उगवते. ती खुडणे म्हणजे सिद्ध करणे काय? अपील न्यायालयाने १९८१ मध्ये सांगितले की अळंबी तिच्या नैसर्गिक अवस्थेत राहिलेली नसली आणि माणसाच्या हाताने ती सेवनयोग्य केली गेली असली म्हणजे पुरे. सुकवली, की सिद्ध झाली. १९९० मध्ये पिशव्यांत भरून गोठवलेली अळंबी 'उत्पादन' ठरली. ताजी मात्र यातून सुटली. आणि मग 'ताजी' या विशेषणावर एक बाजारपेठ उभी राहिली. या शतकाच्या आरंभी लंडनच्या कॅम्डन बाजारात आणि शेकडो दुकानांत शीतपेटीत ठेवलेली ताजी अळंबी उघड विकली जात होती. सीमाशुल्क खात्याने तिच्यावर मूल्यवर्धित कर लावला, कारण खात्याच्या मते ती अन्न नव्हती. राज्य एका हाताने कर घेत होते आणि दुसऱ्या हाताने खटले भरत होते. डिसेंबर २००४ मध्ये ग्लुस्टरच्या न्यायालयाने असा एक खटला, कायदा पुरेसा स्पष्ट नाही म्हणून थांबवला.

संसदेने उत्तर दिले ते २००५ च्या कायद्याच्या २१ व्या कलमाने. १८ जुलै २००५ पासून, ज्यात सायलोसिन वा त्यापासून बनलेला संयुगविशेष आहे असे 'कोणत्याही प्रकारचे कवक' पहिल्या वर्गाच्या मादक द्रव्यांत, म्हणजे हेरॉइनच्या पंक्तीत जाऊन बसले. ताजे आणि सुके हा भेद एका फटक्यात मिटला. पण लगेच पूरक नियम करून असे सांगावे लागले की, ज्याच्या जमिनीवर ही अळंबी आपोआप उगवली आहे तो गुन्हेगार नव्हे, आणि नष्ट करण्यासाठी ती खुडणाराही नव्हे. नाहीतर पाऊस पडताच वेल्समधील निम्मे मेंढपाळ आरोपी झाले असते! बीजाणू मात्र 'ज्यात आहे' या दोन शब्दांमुळे पुन्हा बाहेरच राहिले.

जर्मनीची गोष्ट थोडक्यात सांगण्याजोगी आहे. तेथील मादक द्रव्यांच्या कायद्यात 'वनस्पती' असा शब्द होता. अळंबी ही वनस्पती नाही, तिचे सृष्टीतले राज्यच वेगळे आहे, असा बचाव पुढे आला. २००५ मध्ये शब्द बदलून 'जीव' असा व्यापक शब्द घालण्यात आला. त्यानंतर २००६ मध्ये तेथील सर्वोच्च फौजदारी न्यायालयाने जुन्या शब्दाचाही निवाडा केला : लोकव्यवहारात अळंबीला वनस्पतीच समजतात, तेव्हा शास्त्रज्ञांचे वर्गीकरण येथे निर्णायक नाही. शास्त्राचा शब्द विरुद्ध व्यवहाराचा शब्द, या वादात व्यवहार जिंकला. नेदरलँड्समध्ये उलटे घडले. मार्च २००७ मध्ये ॲमस्टरडॅममध्ये सतरा वर्षांच्या एका फ्रेंच मुलीने अळंबी खाल्ल्यानंतर पुलावरून उडी मारून जीव गमावला आणि देश हादरला. १ डिसेंबर २००८ पासून शेकडाभराहून अधिक जातींची नावे घेऊन अळंबीवर बंदी आली. परंतु त्याच बुरशीच्या जमिनीखालच्या घट्ट गाठी त्या यादीत नव्हत्या. द्रव्य तेच, दुकाने गाठी विकू लागली. नावे घेऊन यादी करावी तर यादीबाहेरचे सुटते, आणि व्यापक शब्द वापरावा तर मेंढपाळ अडकतो.

आता आपल्याकडे पाहू. गुंगीकारक औषधिद्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ यांविषयीचा आपला अधिनियम १९८५ चा. त्याच्या अनुसूचीत सायलोसायबिन आहे. बीजाणूंचा शब्द त्यात नाही. मात्र बियांचा आहे, आणि तो मोठ्या काळजीने वापरला आहे. गांज्याच्या व्याख्येत झाडाचे फुलोरे येतात. त्यांच्यासोबत नसतील तर बिया आणि पाने वगळली आहेत. भांग केंद्रीय कायद्यातून निसटून राज्यांच्या अबकारी नियमांकडे गेली ती या वगळण्यामुळे. अफूच्या बोंडांच्या व्याख्येतही झाडाचे सगळे भाग घेताना 'बिया सोडून' असे म्हटले आहे. ते तसे म्हटले नसते तर दिवाळीतला अनारसा हा दखलपात्र गुन्हा ठरला असता, कारण त्याला लावायची खसखस म्हणजे अफूचेच बी. संयुक्त अरब अमिरातीत कायद्याने ही सूट दिलेली नाही, आणि म्हणून दुबईला लेकीकडे निघालेल्या आयांना सामानात खसखस नेऊ नका असे बजावावे लागते. एकाच कणाला एका देशात वाण्याच्या दुकानी जागा मिळते, दुसऱ्या देशात तुरुंगाची वाट दिसते.

बीजाणूंना अशी सूटही नाही आणि बंदीही नाही. त्यांत द्रव्य नाही, तेव्हा अभिधेने पाहिले तर ते मोकळे आहेत. परंतु याच अधिनियमात प्रयत्न, चिथावणी आणि कट यांची कलमे आहेत, आणि ३५ वे कलम असे आहे की गुन्ह्याला दोषी मनाची अट असेल तेथे ते मन तसे होते हे न्यायालयाने गृहीत धरायचे. नव्हते, हे आरोपीने सिद्ध करायचे. पाकिटावरचा 'सूक्ष्मदर्शकासाठी' हा मजकूर येथे सिएटलपेक्षाही दुबळा ठरेल, असे आमचे मत आहे. अमेरिकेत सरकारला व्यंग्यार्थ सिद्ध करावा लागतो. आपल्याकडे तो गृहीत धरला जाऊ शकतो, आणि वाच्यार्थच खरा होता हे सांगण्याचा भार बोलणाऱ्यावर पडतो.

अळंबीविषयी आपल्या न्यायालयांत वाद झाला तो वजनाच्या निमित्ताने. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये हिरा सिंग प्रकरणात सांगितले की मादक द्रव्यात दुसरे काही मिसळले असेल तर मिश्रणाचे संपूर्ण वजन धरायचे. मग अळंबी हे सायलोसायबिनचे मिश्रण आहे काय? केरळ उच्च न्यायालयापुढे एका जामीन अर्जात २२६ ग्रॅम अळंबी आणि ५० ग्रॅम तिच्या कॅप्सूल होत्या. सायलोसायबिनचे व्यापारी प्रमाण ५० ग्रॅमपासून सुरू होते आणि त्याच्या शिक्षेची सुरुवात दहा वर्षांच्या सक्तमजुरीने होते. पूर्ण वजन धरले तर आरोपी त्या मर्यादेच्या पाचपट पुढे होता. द्रव्याचे प्रमाण शंभरात एक धरले तर तो तीन ग्रॅमच्याही आत येत होता. जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने, कर्नाटक आणि मद्रास उच्च न्यायालयांच्या आधीच्या मताला धरून, अळंबी हे मिश्रण नसून निसर्गतः वाढलेले कवक आहे असे म्हटले आणि जामीन दिला. मिश्रण करायला कर्ता लागतो. अळंबीला तो नाही. व्याकरणाच्या शिक्षकाला हा निर्णय आवडावा. मात्र हे जामिनाच्या टप्प्यावरचे मत आहे, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. आणि दहा वर्षे ही काही व्याकरणाची बाब नव्हे.

दरम्यान अळंबीकडे पाहण्याची दृष्टी बदलत गेली. ओरेगॉनने २०२० मध्ये आणि कोलोरॅडोने २०२२ मध्ये सार्वमताने तिला मर्यादित मोकळीक दिली. १ जुलै २०२३ पासून ऑस्ट्रेलियात ठरावीक मनोविकारतज्ज्ञ दाद न देणाऱ्या नैराश्यावर सायलोसायबिन देऊ शकतात. याच काळात, जानेवारी २०२४ मध्ये, अमेरिकेच्या केंद्रीय अमली पदार्थ यंत्रणेने एका वकिलाच्या विचारणेला लेखी उत्तर दिले : बीजाणूंत सायलोसायबिन वा सायलोसिन नसेल तर ते नियंत्रित पदार्थ नाहीत; परंतु ज्या क्षणी, उदाहरणार्थ अंकुरण होताना, त्या सामग्रीत ही द्रव्ये येतील त्या क्षणी ती पहिल्या अनुसूचीत जाईल. पन्नास वर्षे विक्रेते जे म्हणत होते ते अखेर सरकारी कागदावर आले. तो क्षण नेमका कोणता, हे मात्र बुरशीलाच विचारावे लागेल.

आणि फ्लॉरिडा? कुरणातल्या छत्रीत काय आहे हे सामान्य माणसाला कळणार कसे, असे १९७८ मध्ये ज्या राज्याच्या न्यायालयाने विचारले, त्याच राज्याने २०२५ च्या आपल्या शेतीविषयक कायद्यात एक कलम घातले. निषिद्ध द्रव्य असलेली अळंबी 'उत्पन्न करू शकणारे' बीजाणू आणि कवकजाल यांची विक्री व वाहतूक त्याने गुन्हा ठरवली. ते १ जुलै २०२५ पासून लागू झाले, आणि पाकिटावरच्या त्या जुन्या ओळीत 'तीन'च्या जागी 'चार' हा आकडा आला.